केलेल्या कर्माचा कर्ता

'द होमम हॅज बीन परफॉर्म्ड यस्टरडे.' हे इंग्रजी वाक्य चूक आहे. ते का चूक आहे हे समजावून सांगायला व्याकरणाचं पुस्तक मला अपुरं पडलं, मीमांसेकडे वळावं लागलं.

वाक्य लिहिणारे गृहस्थ वैदिक आहेत. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणते. या भागात असे वैदिक घरोघरी भेटतील. आर्य गौडा रस्त्यावर अयोध्या मंडपमच्या आसपास पहाटेपासून त्यांची ये-जा चालू असते. दर्भ, समिधा, पंचपात्री विकणारी दुकानं त्यांच्यावर चालतात. मामांचे बरेच यजमान आता अमेरिकेत आणि सिंगापुरात असतात. मुलाच्या जन्मनक्षत्राला मामा इथे त्याच्या नावाने आयुष्यहोम करतात आणि मग इंग्रजीत तसं कळवतात. पाठवण्याआधी मजकूर माझ्याकडे येतो, कारण इंग्रजी तपासणं हाच माझा व्यवसाय. परदेशी वैद्यकीय नियतकालिकांकडे जाणारे लेख मी घरी बसून दुरुस्त करते. चेन्नईत हे काम करणारे पुष्कळ आहेत.

नियम तसा सोपा आहे. 'हॅज बीन' किंवा 'हॅव बीन' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. एक असेल तर हॅज, अनेक असतील तर हॅव. 'हॅज बीन'च्या जागी 'इज बीइंग' लिहिलं की झालेलं काम अजून चालू आहे असा अर्थ होतो. ज्या क्रियेला कर्मच नाही तिचा असा प्रयोग होत नाही, म्हणून 'ही हॅज बीन एक्सपायर्ड' चूक. मरण कुणी कुणावर करत नसतं. इथपर्यंत मामांना लगेच पटलं. अडलं ते 'यस्टरडे'वर. होम काल झाला, मग काल झाला असं लिहायचं नाही का? लिहायचं, पण मग 'वॉज परफॉर्म्ड'. कारण 'हॅज बीन' म्हणताना आपण काल काय घडलं ते सांगत नसतो. जे घडलं त्याचं आज काय आहे ते सांगत असतो. गेलेल्या काळाचं नाव घेतलं की ती क्रिया त्या दिवसात बंद होते, आणि 'हॅज बीन' ती बंद होऊ देत नाही. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत.

मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि एकच शब्द म्हणाले, "अपूर्व."

मीमांसकांपुढचा हा फार जुना प्रश्न. यज्ञ ठरल्या वेळी संपतो. आहुती जळून जाते, अग्नी विझतो, ऋत्विज घरी जातात. फळ मात्र केव्हातरी पुढे, कदाचित देह पडल्यानंतर मिळायचं. जे संपलंच आहे ते फळ देणार कसं? मधल्या काळात कारण म्हणून असतं तरी काय? जैमिनीच्या परंपरेतल्या शबरस्वामींनी आणि पुढे कुमारिल भट्टांनी उत्तर दिलं की कर्म संपतं, पण त्यातून एक अदृश्य सामर्थ्य उपजतं आणि फळ मिळेपर्यंत टिकतं. तेच अपूर्व. शंकराचार्यांना हे मान्य नव्हतं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा वाद आहे. तिथे जैमिनी एका बाजूला, सूत्रकार बादरायण दुसऱ्या. आचार्य भाष्यात विचारतात की अपूर्व जड आहे, चेतनाची प्रेरणा नसताना ते आपलं आपण फळ कसं देईल? फळ देणारा ईश्वरच. मामा स्मार्त, त्यामुळे ते आचार्यांच्या बाजूने. मला या एका बाबतीत जैमिनी जवळचे वाटतात. केलेलं कर्म कुणी देखरेख न करताही जगात शिल्लक राहतं, हे मला रोज दिसतं, आणि 'हॅज बीन'च्या प्रयोगाला नेमकं तेच सांगायचं असतं.

पण त्या वाक्यात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि माझी खरी तळमळ तिच्यासाठी आहे. 'द होमम हॅज बीन परफॉर्म्ड.' कुणी केला? वाक्य सांगत नाही. आहुत्या मामांनी टाकल्या, मंत्र त्यांनी म्हटले, आणि यजमान त्या वेळी न्यू जर्सीत झोपलेला होता. तरी मीमांसेच्या हिशेबाने फळ यजमानाचं, कारण कर्म त्याने करवलं आणि दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम विकत घेतले. म्हणजे हात एकाचे आणि कर्तेपण दुसऱ्याचं. अशा वेळी कर्ता न सांगणारं वाक्य सोयीचं वाटतं. शास्त्राने मात्र ही सोय घेतलेली नाही. होमाच्या आधी संकल्प असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात त्यात गोदावरीचा दक्षिण तीर येतो, इकडे मेरूची दक्षिण बाजू येते. शालिवाहन शक दोन्हीकडे. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग गोत्र, नाव, आणि कशासाठी करतो आहे ते. मामा हे सगळं यजमानाच्या नावाने, एक शब्द न गाळता म्हणतात. कोण, कुठे, केव्हा, कशासाठी, सगळं आधी उघड झालं की मगच अग्नीत पहिली आहुती पडते. आणि आहुती देताना 'न मम' म्हणायचं, हे माझं नाही.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. स्वतःचं नाव सांगून झाल्यावर ते सोडणं हा त्याग आहे. नाव सांगितलंच नाही आणि सोडलं म्हणालं, तर सोडलं काय? कचेरीतून पत्र येतं, 'इट हॅज बीन डिसायडेड'. ठरवलं गेलं आहे. कुणी ठरवलं ते पत्रात नसतं, विचारावं तर समोरच्यालाही ठाऊक नसतं. अशा वेळी गीतेचा आधार घेणारे लोकही मी पाहिले आहेत: आपण कोण करणारे, सगळं प्रकृती करते. पण तीच गीता अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजते: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि दैव. कर्ता त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. मी एकटाच कर्ता असं समजणाऱ्याला गीता दोष देते. कर्ता या यादीतून खोडून टाका असं ती कुठेही म्हणत नाही.

अमेरिकेच्या इतिहासातली दोन वाक्यं मी यासाठी जपून ठेवली आहेत. 1987च्या जानेवारीत अध्यक्ष रेगन यांनी, इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण गाजत असताना, काँग्रेसपुढे गंभीर चुका झाल्याचं सांगितलं. त्यांनी साधा भूतकाळ वापरला, 'वेअर मेड'. चुका झाल्या, तिथेच राहिल्या. त्याआधी शंभरएक वर्षं, 1876च्या डिसेंबरात, अध्यक्ष ग्रँट यांनी काँग्रेसला आपला शेवटचा वार्षिक संदेश पाठवला, त्यात 'हॅव बीन मेड' आहे: चुका झालेल्या आहेत. आणि त्याच वाक्यात त्यांनी पुढे जोडलं की ते सगळ्यांना दिसतं आहे आणि मी ते कबूल करतो. प्रयोग कर्मणीच, पण 'मी' परत आला. ग्रँट यांच्या कारभाराबद्दल इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत, त्या वाक्याची रचना मला प्रामाणिक वाटते. परिणाम आज आहे हे क्रियापदाने मानलं आणि तो कुणाचा हे पुढच्या शब्दांनी.

माझ्या टेबलावर येणाऱ्या लेखांत हेच मी शोधत असते. 'एथिकल अप्रूव्हल हॅज बीन ऑब्टेन्ड' एवढंच लिहिलेलं असतं. व्याकरण बिनचूक. पण नियतकालिक ते तसं घेत नाही. कोणत्या संस्थेच्या नीतिसमितीने मान्यता दिली आणि तिचा क्रमांक काय, हे मागतं. 1964मध्ये हेलसिंकीत जागतिक वैद्यक संघटनेने जाहीरनामा केला, त्यामागे माणसांवर त्यांना न विचारता झालेल्या प्रयोगांचा इतिहास आहे. रुग्णाच्या शरीरात सुई कुणाच्या परवानगीने गेली हे तिथे उघड लिहावंच लागतं. मी लेखकाला समासात विचारते, 'बाय हूम?' हा प्रश्न मी कधीही गाळत नाही, लेखक कितीही मोठा असो. मला तो संकल्पाइतकाच आवश्यक वाटतो. ऑर्वेल यांनी 1946च्या निबंधात सल्ला दिला की कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका. मला तो सल्ला पुरा पटत नाही. रुग्णाला काय झालं हे सांगताना रुग्णच वाक्याच्या तोंडाशी हवा, डॉक्टर नव्हे. कर्मणी राहू द्यावा, कर्ता विचारल्यावर सापडावा.

फळ करवणाऱ्याचं, हा मीमांसेचा नियम एके ठिकाणी मात्र मला तोकडा पडताना दिसतो, आणि ते ठिकाण घराजवळच आहे. आमच्याकडे लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. त्यावरून कोणतंही तळं दिसत नाही. एके काळी इथे लाँग टँक होता, मैलोगणती लांब. 1920च्या दशकात तो आटवून मांबलमची नवी वसाहत वसवली, तीच आजची टी. नगर. जस्टिस पक्षाच्या सर त्यागराय चेट्टींचं नाव तिला दिलं. मांबलम स्टेशनाच्या पुलावरून पलीकडे उतरलं की रंगनाथन स्ट्रीटची गर्दी लागते. ती वसाहत तळ्याच्या जागेवर आहे. पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत येतं. 2015च्या डिसेंबरात पुराने शहर बुडालं तेव्हा सखल भागांत काय झालं हे इथल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. 'द लेक हॅज बीन ड्रेन्ड' हे वाक्य आज, शंभर वर्षांनीही, 'वॉज'मध्ये बदलता येत नाही. ज्यांनी ठरवलं त्यांची नावं सरकारी दप्तरांत असतील. फळ मात्र त्यांच्याकडे गेलेलं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या मामांकडे आलं आहे, ज्यांनी त्या कर्माचा संकल्प केला नव्हता आणि दक्षिणाही दिली नव्हती.

मी मामांना हे विचारलं. ते म्हणाले, प्रारब्ध. मी म्हटलं, प्रारब्ध माझं असेल, पण तळं कुणी आटवलं ते तरी लिहून ठेवायला हवं. याला त्यांनी हरकत घेतली नाही. पुढच्या होमाचा मजकूर त्यांनी पाठवला त्यात 'यस्टरडे' नव्हतं, आणि शेवटी त्यांनी आपलं स्वतःचं नाव घातलं होतं, 'बाय' लावून.