अडतीस वर्षे, अडतीस टक्के



योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी पडून असलेला एक माणूस भेटतो. ३८ वर्षांचे दुखणे. बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशू त्याला विचारतो. तो सरळ ‘हो’ म्हणत नाही. आपल्याला पाण्यात उतरवायला कोणी नाही, आपण पोहोचेपर्यंत दुसराच पुढे जातो, एवढेच सांगतो.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन देतो. तेव्हा असाच एक माणूस आम्हांला आपल्या माहीममध्ये भेटला. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहीत आहोत. पक्षाघाताने उजवा हात-पाय अधू झाला, शिवणकाम सुटले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तीन वेळा हेलपाटे घातले, तेव्हा हाती आले ३८ टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, पण बहुतेक सवलतींसाठी निदान ४० टक्के लागतातच. म्हणून पिवळ्याऐवजी पांढरे कार्ड मिळाले. ते म्हणाले, “फादर, मी धड बराही नाही, आणि पुरता लंगडाही नाही. आता कोणाकडे जाऊ?”

तपासणीच्या दिवशी काय झाले, ते त्यांच्या पत्नीने सांगितले. दाढी केली, मिस्साला घालतात तो शर्ट घातला. डॉक्टरांनी “कसे आहात?” विचारले, तर म्हणाले, “देवाच्या कृपेने बरं आहे.” त्या शर्टाची बटणे बायकोने लावली होती, हे मात्र सांगितले नाही.

सांगितले असते तरी आकडा कदाचित तोच राहिला असता. पण आपण बहुतेक असेच वागतो. गरज सांगणे म्हणजे भीक मागणे, असे आपल्याला वाटते. नम्रता म्हणजे सत्य. दुखणे वाढवून सांगणे खोटे, तसे झाकून ठेवणेही खोटेच. तळ्याकाठच्या माणसाने आपली अडचण होती तशी सांगितली, आणि प्रभूने ती ऐकून घेतली.

दुसरी गोष्ट. टक्के असतात ते हाताचे, पायाचे, डोळ्यांचे, माणसाचे नव्हे. ज्याची किंमत करता येते ती वस्तू, जिला किंमतच लावता येत नाही ती व्यक्ती, हे सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो. त्याचा अर्थ त्या घरात कळला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात दिव्यांग व्यक्ती ही पूर्णार्थाने माणूस आहे आणि तिला जन्मजात हक्क आहेत, असे शिकवले. हक्क मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

निर्णय पटला नाही तर कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे अपील करता येते. ते मुदतीत करावे. रागाने कागद फाडू नयेत. दवाखान्याचे जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, अर्जाची पोच, सारे एका पिशवीत ठेवावे. रोज काय जमत नाही, ते घरच्यांनी आधीच लिहून काढावे. ४० टक्के वा अधिकचे प्रमाणपत्र असेल, तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही अर्ज करावा.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या सर्वांना. बेथेस्दाच्या पाच पडव्यांत एवढी माणसे असताना ३८ वर्षांत त्याला हात देणारा एकही निघाला नाही. बुधवारच्या नोव्हेनाच्या रांगेत आपण तासन्‌तास उभे राहतो. शेजाऱ्यासाठी सरकारी रांगेत एक सकाळ उभे राहू का?

आमच्या या बांधवांनी अपील केले आहे. निकाल यायचा आहे. या वेळी त्यांच्याबरोबर आपल्यातला एक तरुण रजा काढून गेला होता. ज्यांना अशी सोबत हवी आहे, आणि ज्यांना ती देता येईल, त्यांनी आज मिस्सानंतर आम्हांला भेटावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू