शाळेची शिस्त आणि गावाचा वाटा

शाळेतील वर्तनाचे नियम बहुधा मुलांसाठी लिहिलेले असतात. वेळेवर यावे, गणवेश घालावा, मारामारी करू नये, वर्ग झाडून काढावा, पोषण आहाराआधी हात धुवावेत. हे नियम व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवलेले असतात, परिपाठात म्हणून घेतले जातात आणि ते मोडणाऱ्याला त्याच दिवशी बोलणी बसतात. मोठ्यांसाठीही नियम आहेत, पण ते भिंतीवर दिसत नाहीत. शिक्षकाने नियमित व वेळेवर हजर राहावे, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करावा आणि मुलाच्या हजेरीबद्दल व प्रगतीबद्दल पालकांना भेटत राहावे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य कलम १० मध्ये आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तर सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा २००३ च्या कायद्याने दुकानदाराला घातलेला नियम आहे. मुलांचे नियम एका भिंतीवर मावतात. मोठ्यांचे नियम कायद्यांत आणि शासन निर्णयांत विखुरलेले आहेत. म्हणून पहिल्यांचा हिशेब रोज होतो आणि दुसऱ्यांचा क्वचितच.

ही तफावत पाहायला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातला कन्नड तालुका योग्य ठिकाण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या काठावर हा तालुका वसलेला आहे. एका अंगाला घाट उतरून चाळीसगावकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला गौताळ्याचे जंगल, आणि मधल्या पठारावर कापूस, मका व अद्रकाची शेती. सखल भागातल्या मोठ्या गावांत हायस्कुले आहेत. डोंगरकडेला बंजारा तांडे आणि भिल्ल वस्त्या आहेत, तिथे शाळा म्हणजे जिल्हा परिषदेच्या दोन-चार खोल्या. घाटाखाली नागदकडे अहिराणी कानी पडते, तांड्यावर घरची बोली गोरमाटी आहे आणि शाळेची भाषा मराठी. सूचनेचा फलक सगळ्यांसाठी सारखा असला तरी तो सगळ्यांना सारखा कळत नाही.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. इमारत, शिक्षक, पगार, पुस्तके सारे वरून येऊ लागले. ते आवश्यकच होते. निजामी राजवटीतून बाहेर पडलेल्या मराठवाड्यात गावोगाव शाळा पोचवणे दुसऱ्या कोणाला झेपले नसते. पण त्याबरोबर शाळा ही सरकारची, गावाची नव्हे, ही समजूतही पक्की झाली. छत गळले तर पंचायत समितीला कळवायचे, गुरुजी आले नाहीत तर केंद्रप्रमुख बघतील. त्याआधीच्या पिढीने वेगळे पाहिले होते. औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ मध्ये उभे राहिले, सेलूचे नूतन विद्यालय आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळाही त्याच परंपरेतली. या संस्था लोकांच्या वर्गणीवर चालत. त्यामुळे शाळेत काय चालते हे विचारण्याचा हक्क आणि शाळेला काय कमी पडते हे पाहण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असे.

शिक्षण हक्क कायद्याने ही तुटलेली जोड पुन्हा बांधायचा प्रयत्न केला. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा बनवणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. सल्ला देणाऱ्या पालक-शिक्षक संघाहून हे फार निराळे आहे. मोलमजुरी करणाऱ्या आईला मुख्याध्यापकांकडे खर्चाचा तपशील मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला.

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी समिती कागदावरच राहते, आणि हे कसे घडते ते बघायला इतिवृत्ताची नोंदवही उघडावी. दर महिन्याची बैठक भरल्याची नोंद असते, विषय एक ते पाच, सर्वानुमते मंजूर, खाली सह्या आणि अंगठे. बैठक अनेकदा भरलेलीच नसते. शाळेतले कोणी वही घेऊन घरोघर फिरते, कापूस वेचून परतलेली बाई दारातच सही करते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. बैठकीची वेळ शाळेच्या सोयीने दुपारची, आणि दुपारी बैठकीला आले तर रोज बुडतो. सदस्याला भत्ता नाही. ज्या बाईला आयुष्यात कोणी शाळेच्या खर्चाबद्दल विचारले नाही, तिने पहिल्याच बैठकीत पावत्या मागाव्यात ही अपेक्षाही जास्तच आहे. बैठक संध्याकाळी, मजुरीनंतर, तांड्यावरच्या मंदिरापुढे घेतली आणि वाचून दाखवली तर वहीत निराळे विषय दिसू लागतील. दरम्यान शासन समित्या वाढवतच राहिले. प्रत्येक प्रश्नाला एक समिती, असे करत शाळेत इतक्या समित्या जमल्या की २०२५ मध्ये त्यांचे एकत्रीकरण करावे लागले. चार खोल्यांच्या शाळेत सगळ्या समित्यांवर तीच दहा-बारा माणसे असतात.

पोषण आहाराची चव घेण्याची पद्धत त्या मानाने चांगली चालते, आणि तिच्यातून शिकण्यासारखे आहे. खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने खाऊन पाहायची व तशी नोंद करायची, हा नियम आहे. स्वयंपाकी बाई गावातलीच असते, चव घेणारा तिच्या ओळखीचा असतो, आणि तांदळात किडे निघाले तर ते दोघांच्या डोळ्यांसमोर निघतात. काम नेमके आहे, रोजचे आहे, आणि ते कोणी केले हे त्याच दिवशी कळते. जबाबदारी वाटून घ्यायची तर ती इतकी स्पष्ट असावी लागते. ‘गावाने शाळेकडे लक्ष द्यावे’ या वाक्यातून कोणाच्याच वाट्याला काही येत नाही.

शिक्षेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे पालक आणि कायदा समोरासमोर उभे राहतात. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी ‘मारा हवं तर, पण शिकवा’ असे गुरुजींना सांगणारे पालक आजही भेटतात, आणि ते प्रेमापोटीच बोलतात. पण मार खाल्लेले मूल शाळेत यायचे बंद होते, आणि सगळ्यात आधी ते मूल बंद होते ज्याच्या घरी शाळेची सवय नाही. अपमानाचे तर व्रणही दिसत नाहीत. तांड्यावरच्या पोराला त्याच्या बोलीवरून हिणवणे हा मानसिक छळच आहे. कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिकवावे आणि मूल भीती व दडपणापासून मुक्त असावे, हे दोन्ही एकत्र सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. पहिलीत आलेल्या मुलाला ‘बस’, ‘पाणी पी’, ‘घरी कोण आहे’ एवढे गोरमाटीत विचारणारा शिक्षक शिस्तीचे अर्धे काम पहिल्या आठवड्यातच करून टाकतो.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेने साऱ्या राज्याला हादरवले. शाळेतच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, पालकांना तक्रार नोंदवायला झगडावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश निघाले. सखी सावित्री समित्या तर २०२२ पासूनच सांगितलेल्या होत्या. ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला कैद होऊ शकते. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण गावातच मिटवणे हा यानुसार गुन्हा ठरतो. तक्रारपेटी टांगणे सोपे आहे. तिची किल्ली कोणाकडे, ती कोणत्या दिवशी कोणासमोर उघडायची आणि चिठ्ठीचे पुढे काय झाले हे मुलांना कसे कळवायचे, हे ठरले नसेल तर पेटीत धूळ साचते. किल्ली शाळेबाहेरच्या, पालकांनी निवडलेल्या बाईकडे असावी.

शिक्षकांच्या वर्तनावर या जिल्ह्यात उघड वाद झाला. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत मुद्दा मांडला की शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, शहरातून ये-जा करतात आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. वाद व्यक्तींवर गेला आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. शिक्षक गावात राहिला तर संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊ शकतो, हे खरे. पण अनेक वस्त्यांवर भाड्याने खोली मिळत नाही आणि शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना पाचवीनंतर शाळा नाही, हेही खरे. राहण्याचा दाखला ग्रामसभेच्या ठरावातून मागितला की सरपंच आणि शिक्षक दोघांनाही खोट्याशी तडजोड करावी लागते, आणि ज्यांनी मुलांना खरेपणा शिकवायचा त्यांच्याच कागदावर पहिले खोटे चढते. शिक्षक कुठे झोपतो यापेक्षा तो पूर्ण वेळ वर्गात असतो का, हे मोजणे जास्त न्याय्य. ते मोजताना शासनानेही स्वतःकडे पाहायला हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा दिली आहे. तरी जानेवारी २०२४ च्या मराठा समाजाच्या सर्वेक्षणासारखी कामे शिक्षकांवर येतच राहतात. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षकांच्या पोशाखाचा शासन निर्णय निघाला, जीन्स आणि टी-शर्ट नकोत असे सांगणारा. पोशाख नजरेला पडतो म्हणून त्याचा नियम लवकर होतो. बंद वर्गखोली मात्र गावाबाहेरच्या कोणाच्या नजरेला पडत नाही.

सामूहिक वर्तनाची खरी कसोटी दहावी-बारावीच्या परीक्षेत लागते. गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियान असते, बैठे पथक आणि भरारी पथक नेमले जाते. तरी केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठी फेकणारे हात मुलांच्या भावांचे, काकांचे, मित्रांचे असतात. निकालाच्या टक्केवारीत शाळेची प्रतिष्ठा गुंतलेली, बारावीच्या गुणांत घराची आशा गुंतलेली, म्हणून वर्षभर शिस्त सांगणारे सगळेच त्या तीन तासांत दुसरीकडे बघतात. यात नुकसान होते ते अभ्यास करून आलेल्या मुलीचे. तिचे आणि चिठ्ठीवाल्याचे गुण सारखे दिसतात, आणि पुढच्या प्रवेशात ती शहरातल्या मुलांशी स्पर्धा करते तेव्हा गावच्या निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. पोलीस बंदोबस्ताने भिंत राखता येते. पण आठवीपासून मुलांना वाचता-लिहिता येते की नाही हे समितीने दर तिमाहीला ऐकून घेतले असते, तर भिंतीवर चढायची गरजच उरली नसती.

या सगळ्यांहून कन्नडच्या डोंगरपट्ट्याचा प्रश्न मुळातला आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि ट्रक-ट्रॅक्टर भरून घरे पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा पालक गावात नसतात. कायद्याने उभी केलेली सारी रचना पालक हजर आहे असे धरून चालते: समितीत तीन चतुर्थांश पालक, पालकांच्या भेटी, प्रगतिपत्रकावर पालकाची सही. तांड्यावर वर्षाचे पाच-सहा महिने ती माणसे फडात कोयता चालवत असतात. समितीचा अध्यक्षच गेला तर नोंदवहीवर सही कोणाची?

मुलांसाठी दोन वाटा आहेत. आई-बापांबरोबर गेलेल्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचे, ज्यावर त्याची इयत्ता आणि शिकण्याची पातळी असते, आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्याला सामावून घ्यायचे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकते. पण फडावर मूल बांड्या गोळा करते, धाकट्याला सांभाळते, आणि शाळा चार-पाच किलोमीटरवर असते. पत्रक पिशवीतच राहते. दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत मिळते. हे चालवायचे असते शाळा व्यवस्थापन समितीने. २०१७ पासून बालरक्षक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी अनेक मुलांना असे थांबवले, कधी टोळी निघायच्या आदल्या रात्री तांड्यावर जाऊन.

या मुलांच्या बाबतीत वर्तनाचे नियमही निराळे लावावे लागतात. सत्तरीची आजी सकाळी चुलीशी, मग शेळ्यांमागे. नऊ वर्षांचा नातू गृहपाठ न करता येतो, उशिरा येतो, कधी चिडतो. त्याला उशिराची शिक्षा देणे म्हणजे आई-बापांच्या स्थलांतराची शिक्षा त्याला देणे. तो दोन दिवस आला नाही तर निरोप कोणाला द्यायचा, आजारी पडला तर पिशोरच्या किंवा कन्नडच्या दवाखान्यात कोण नेणार, रात्री त्याच्यावर लक्ष कोणाचे, मुलगी असेल तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणी घेतली, ही उत्तरे टोळी निघण्याआधी नावांसह लिहून व्हायला हवीत. तांड्यावर नायक आणि कारभाऱ्याची जुनी व्यवस्था आहे. तंटे मिटवणे तिला जमते, तर वीस मुलांना वीस पालकमाणसे नेमून देणेही जमेल. समितीची निवड करताना गावात बारमाही राहणाऱ्या काही पालकांना जागा ठेवावी आणि जाणाऱ्या प्रत्येक सदस्याचा बदली माणूस दसऱ्याच्या सभेत ठरवावा. त्याला कायद्यात बदल लागत नाही, मुख्याध्यापकांनी सभा वेळेवर बोलावणे पुरते.

मार्चअखेर ट्रक परत येऊ लागतात तेव्हा शाळेत वार्षिक मूल्यमापनाची गडबड असते. फडावरून आलेली मुले त्या आठवड्यात वर्गात येऊन बसतात आणि पाच महिन्यांपूर्वी सोडलेल्या धड्याच्या पुढचे पंधरा धडे त्यांच्यासमोर असतात. त्यांना वरच्या वर्गात ढकलून नोंद पूर्ण करणे सोपे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी त्यांची वाचन-गणिताची पातळी पाहून जूनपासून रोज एक तास वेगळा देणे हे शिक्षकाचे काम. त्या तासाला मूल पाठवणे हे परत आलेल्या आई-बापांचे. आणि असा तास चालू आहे का हे पाहणे समितीचे, जिचे बहुतेक सदस्य तोवर गावात परतलेले असतात.