हेतू दुबळा, साध्य शाबूत

गेल्या पावसाळ्यात व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेसाठी अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतणीने एका संध्याकाळी सरावाची वही माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली आणि, "काका, ह्यात माझं काय चुकलं ते सांगा," असे काहीशा त्राग्याने म्हटले, तेव्हा अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची १८९७ सालची आठल्ये-बोडस यांची मुंबई आवृत्ती ज्याच्या कपाटात कित्येक वर्षे धूळ खात पडली आहे, अशा मनुष्याला त्या वहीत काही ओळखीचे भेटेल, अशी मला यत्किंचितही अपेक्षा नव्हती.

प्रश्न साधा होता. एका नगरपालिकेने मुख्य पेठेत दिवे लावले. पुढल्या वर्षी रात्रीच्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. सबब चोऱ्या दिव्यांमुळे घटल्या, असा युक्तिवाद. खालीलपैकी कोणते विधान, सत्य मानल्यास, हा युक्तिवाद सर्वाधिक दुबळा करील? (अ) दिव्यांचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला. (आ) जेथे एकही नवा दिवा लागला नाही, त्या शेजारच्या गावातही चोऱ्या त्याच प्रमाणात घटल्या. (इ) दोन्ही वर्षी निम्म्या चोऱ्यांची फिर्याद पोलिसांत नोंदवलीच गेली नाही. (ई) ज्या गल्लीतले दिवे महिनाभर बंद होते, तेथे चोऱ्या पूर्वीइतक्याच राहिल्या.

तिने (इ) वर खूण केली होती. "पोलिसांत जातंय कोण, काका? हे तर सगळ्यांना माहीत आहे!" ह्या तिच्या समर्थनात अनुभव पुष्कळ होता, पण तर्क नव्हता, कारण निम्म्या चोऱ्या दोन्ही वर्षी सारख्याच दडल्या असतील, तर दोहोंमधले प्रमाण जिथल्या तिथे राहते आणि युक्तिवादाच्या केसालाही धक्का लागत नाही. (अ) हा नगरपालिकेच्या कारभारावरील रास्त आक्षेप असेल, पण तो दुसऱ्याच खटल्यात दाखल करावयाचा. (ई) मोठा फसवा: 'चोऱ्या पूर्वीइतक्याच' हे शब्द वाचताच विरोधी पुरावा सापडल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात दिवा नाही तेथे घटही नाही असे सांगून तो पर्याय फिर्यादीचीच बाजू बळकट करतो. उरला (आ). कारणावाचून कार्य घडल्याचे दाखविणारा हा दोष आपल्या नैयायिकांच्या दप्तरात व्यतिरेकव्यभिचार ह्या नावाने शेकडो वर्षांपूर्वीच नोंदला गेला आहे. मात्र (आ) मान्य करूनही ह्या पेठेतल्या चोऱ्या दिव्यांमुळेच घटल्या असणे अशक्य ठरत नाही. दिव्यांच्या बाजूने दिलेला पुरावा तेवढा तोकडा पडतो. फिर्याद शाबीत न झाल्याने खारीज होणे निराळे आणि आरोपी निर्दोष असणे निराळे, हा भेद कचेरीतला कारकूनही जाणतो. विद्वानांना मात्र त्याचा वारंवार विसर पडतो.

आपल्या भाषेने तर युक्तिवाद दुबळा करण्याच्या ह्या कामाची बदनामीच केली आहे. स्वतःचा पक्ष न मांडता परपक्षाचे केवळ खंडन करणे ह्याला न्यायसूत्रांनी वितंडा म्हटले, आणि आपण 'वितंडवाद' हा शब्द रिकामटेकड्या भांडखोरपणासाठी राखून ठेवला. वस्तुतः ही परीक्षा विद्यार्थ्याकडून शुद्ध वितंडाच मागते: तुमचे मत काय हे कोणी विचारीत नाही, समोरच्याचा सांधा कोठे निखळतो तेवढे दाखवा. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने खंडनखंडखाद्य लिहिताना हाच मार्ग पत्करला, आणि त्याला रिकामटेकडा म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही.

ह्या वितंडेची खरी कसोटी चोऱ्यांच्या प्रश्नात लागत नाही. ती लागते ईश्वराच्या प्रश्नात. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा कर्ता आहे. पृथ्वी, अंकुर इत्यादी हीही कार्येच आहेत. सबब त्यांनाही कर्ता असला पाहिजे, आणि तो कर्ता ईश्वर, हे नैयायिकांचे प्रसिद्ध अनुमान उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत प्रतिपक्ष्यांच्या सर्व हरकती अंगावर घेऊन लढविले. आता ह्याच अनुमानाखाली पर्याय लिहून पाहावेत.

पहिला पर्याय: जगात दुःख आहे. हा पर्याय हृदयाला भिडतो, आणि पुष्कळांची श्रद्धा ह्याच ठिकाणी मोडते. पण त्याने कर्त्याच्या करुणेवर प्रश्नचिन्ह लागते, कर्त्याच्या असण्यावर नव्हे. माझ्या पुतणीच्या (इ) प्रमाणेच तो खरा आहे आणि येथे गैरलागू आहे. दुसरा: रानातल्या अंकुराला कोणी कर्ता दिसत नाही. ह्यावर नैयायिक तत्काळ उत्तर देतो की अंकुर तर वादग्रस्त पक्षातच मोडतो; ज्याचा निकाल लागावयाचा आहे तीच वस्तू प्रतिपक्ष्याला साक्षीदार म्हणून उभी करता येत नाही. हे उत्तर मला चोख वाटते.

तिसरा पर्याय अधिक कसलेला आहे. जेथे धूर आहे तेथे अग्नी असतो, पण जेथे अग्नी आहे तेथे धूर असेलच असे नाही. लोखंडाचा तप्त गोळा लालबुंद असूनही धुराची रेघ सोडीत नाही, कारण धुराला ओल्या सरपणाचा संयोग लागतो. ह्या न सांगितलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. तोच न्याय त्यांच्यावर उलटवून प्रतिपक्षी विचारतो की घट घडला तो केवळ कार्य म्हणून, की हात-पाय असलेल्या शरीराने तो घडविला म्हणून? कुंभाराचे चिखलाने भरलेले हात चाकावरून उचलून घ्या, आणि मग कर्ता म्हणून काय शिल्लक राहते ते सांगा. उदयनाच्या परंपरेचे उत्तर असे की ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न एवढेच कर्तृत्वाचे सार होय, शरीर आगंतुक आहे. उत्तर बुद्धिमान आहे. तथापि शरीरावाचून प्रयत्न करणारा दुसरा एकही कर्ता दृष्टान्तादाखल हजर करता येत नाही, ही अडचण त्याने मिटत नाही.

चौथा पर्याय कोणाचा, हे ऐकून पुतणीही चहा विसरली. वाडे आणि राजमंदिरे अनेकांच्या हातांनी आणि निरनिराळ्या वेळी उभी राहतात. मग पृथ्वी, समुद्र, पर्वत ही कार्ये मानली तरी ती एकाच कर्त्याने, एकाच समयी निर्माण केली, हे कार्यत्वावरून कसे निघते? हा आक्षेप चार्वाकाच्या तोंडी शोभेल, पण तो विस्ताराने मांडला रामानुजाचार्यांनी, श्रीभाष्यात, अगदी आरंभीच्या सूत्रांवर लिहिताना. ज्यांचे अवघे आयुष्य नारायणाच्या चरणी वाहिलेले, त्यांनी नारायणाच्या बाजूचा हा पुरावा आपल्या हाताने रद्द ठरविला. कारण ब्रह्माविषयी प्रमाण शास्त्र, अनुमान नव्हे, ही त्यांची भूमिका होती. अनुमानावर उभा केलेला ईश्वर फार तर एक थोर कुंभार ठरेल, आणि अशा कुंभाराला शरण जाण्याची त्यांना गरज भासली नसावी, असा माझा स्वतःचा तर्क आहे. आपल्याकडे मात्र कोणी ईश्वराविषयीचे एखादे प्रमाण तोकडे आहे असे म्हणताच त्याच्या नावावर नास्तिक असा शिक्का मारला जातो, आणि ज्याने शिक्का मारला त्याला आपण साध्य, म्हणजे सिद्ध करावयाची गोष्ट, आणि हेतू, म्हणजे तिच्यासाठी दिलेला पुरावा, ह्यांची गल्लत केली ह्याची जाणीवही नसते.

"मग तिसरा बरोबर की चौथा?" पुतणीने विचारले. तिसऱ्याने कर्ता हा शब्दच दुबळा होतो आणि चौथ्याने त्या कर्त्याचे एकत्व, एवढे मी सांगितले. त्यापुढे दोहोंत तोलून एकावर खूण करणे मला साधले नाही. "परीक्षेत एकच बरोबर असतो," असे म्हणून तिने (इ) वरची खूण खोडरबराने पुसली, (आ) भोवती वर्तुळ काढले आणि पान उलटले.