यात्रेचे कष्ट आणि मार्सेयची डोंगरगाडी

फ्रान्समधील मार्सेय बंदरालगत सुमारे 150 मीटर उंचीच्या टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द हे मारियेचे चर्च आहे. समुद्रावरून सुखरूप परतलेल्या खलाशांनी नवसापोटी वाहिलेली छोटी जहाजे त्याच्या छतापासून लोंबतात. पूर्वी बहुतेक भाविक ही टेकडी पायीच चढत. 1892मध्ये तेथे फ्युनिक्युलर रेल्वे आली. चढण टळली, तर यात्रेचे पुण्यही घटते का?

गाडीची रचना साधी होती. एका दोराने जोडलेल्या दोन डब्यांपैकी वरच्याच्या टाकीत पाणी भरत. जड झालेला तो डबा खाली उतरताना दुसऱ्याला वर ओढी. 84 मीटरची उंची दोन मिनिटांत सरे. मग खाली सांडलेले पाणी वाफेच्या पंपाने पुन्हा वर चढवत. पहिल्याच वर्षी, 15 ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला 15 हजारांहून अधिक लोक टेकडीवर आले.

कॅथलिक परंपरेत देहकष्टाला प्रायश्चित्ताचे स्थान आहे. रोममधील स्काला सांक्ता या पवित्र जिन्याच्या 28 पायऱ्या भाविक आजही गुडघ्यांवर चढतात. मात्र मनात पश्चात्ताप नसेल तर हे कष्ट व्यर्थ, असे तीच परंपरा बजावते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर कर्माने पुण्य जोडता येते हेच नाकारले. त्याच्या मते माणूस श्रद्धेनेच तरतो. म्हणजे नुसत्या दमण्याला दोन्ही पक्षांत मोल नाही.

या दृष्टीने पाहता गाडीने यात्रेचे मोल घटवले नाही. चढणीचा अर्थ मात्र बदलला. बहुतेकांना दुसरा मार्ग नव्हता तेव्हा चढण अपरिहार्य होती, आणि अपरिहार्य कष्टाला अर्पण म्हणणे अवघड. गाडी असूनही जो पायी गेला, त्याचे कष्ट स्वेच्छेचे ठरले. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तर गाडीमुळेच दर्शन सुकर झाले. स्वेच्छेच्या कष्टाला धोकाही आहे: गाडीने जाणाऱ्यांच्या देखत पायी चढणाऱ्याला आपल्या भक्तीचा अहंकार होऊ शकतो. म्हणून कष्टाइतकाच त्यामागचा हेतू तपासावा लागतो.

सुमारे 2 कोटी प्रवाशांची ने-आण करून ही गाडी 11 सप्टेंबर 1967 रोजी बंद पडली. 1974मध्ये ती पाडण्यात आली. कष्टाचा आग्रह परतला म्हणून ती बंद झाली नाही. मोटारी थेट वर जाऊ लागल्याने ती परवडेनाशी झाली. एका सोयीला दुसऱ्या सोयीने हटवले. यात्रा मात्र चालूच राहिली.