डॉज सिटीला जाण्याआधी

चि. मुक्ता,


विचिटाहून सुट्टीत डॉज सिटी बघायला जाणार असल्याचं ताईकडून कळलं. जरूर जा. तिथली लाकडी दुकानांची फ्रंट स्ट्रीट मात्र 1958 मध्ये नव्याने उभारलेली आहे. तेव्हा टीव्हीवर डॉजमध्येच घडणारी ‘गनस्मोक’ मालिका गाजत होती.

बंदुकांचे खेळ बघण्याआधी तू डॉजसारख्या गावांचा धंदा समजून घे. यादवी युद्धानंतर टेक्सासात गुरं उदंड, गिऱ्हाईक मात्र उत्तरेत. 1867 साली जोसेफ मॅकॉयने कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेलगत गुरं कोंडायची आवारं बांधली आणि कळप शेकडो मैल चालत येऊ लागले. त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून ताप पसरायचा, कॅन्ससच्या शेतकऱ्यांची जनावरं मरायची. म्हणून टेक्सासच्या गुरांवरील बंदीची हद्द पश्चिमेकडे सरकत गेली आणि तिच्यापुढे बाजारही: ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, शेवटी डॉज. 1885 मध्ये साऱ्या राज्याची दारं मिटली. व्यापाऱ्यांना दंगा परवडणारा नव्हता. गावात हत्यार बाळगायलाच मनाई असे. इतिहासकार रॉबर्ट डायक्स्ट्रा यांनी 1870 ते 1885 या काळात अशा पाच बाजारगावांत मिळून 45 खून मोजले. एवढ्याशा वस्तीला ते थोडे नव्हेत, पण सिनेमातली रोजची कत्तल ती नव्हे.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ॲबिलीनमध्येच वाढले. 1953 च्या एका भाषणात त्यांनी समोरासमोर भिडण्याचा आदर्श म्हणून तिथल्या मार्शल वाइल्ड बिल हिकॉकचं नाव घेतलं. त्याच हिकॉकच्या हातून 1871 मध्ये ॲबिलीनच्या रस्त्यावर स्वतःचाच सहकारी चुकून मारला गेला होता. आयझेनहॉवर खोटं बोलत नव्हते. लहानपणी कानावर पडलेलं माणूस मनापासून खरं मानतं, आणि देशाचंही तसंच होतं. म्हणून कुणी अभिमानाने काही सांगितलं तर हुज्जत घालू नकोस. त्या वेळी तिथे आणखी कोण होतं, एवढं विचार. कळप हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ होते. आणि ॲबिलीनहून पहिली गुरं रवाना झाली त्याच शरद ऋतूत, कॅन्ससमध्येच, मेडिसिन लॉजला कायोवा, कोमांची, शायान यांच्याकडून त्यांची भूमी सोडण्याचे करार करवून घेतले गेले.

डॉज आजही गुरांवरच जगतं. तिथल्या मांस कारखान्यांत राबणारे बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या घरांतले. त्यांच्यापैकी कुणाशी ओळख निघाली तर संग्रहालयातला एक तास कमी कर, पण त्यांच्याकडे नीट बस. गाव त्यांना कसं दिसतं ते ऐक, आणि मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा