कळते का?

वैद्यकातील काही माणसांचे काम रोग बरा करण्याचे नसते. शरीरातून काय हरवत चालले आहे आणि किती, एवढेच त्यांना शोधायचे असते. मज्जातंतूंची तपासणी करणारे याच वर्गातले. त्यांच्या हाती ना शस्त्र, ना औषध. मग त्यांच्या कामाला सेवा म्हणावे की केवळ नोंद? सेवाग्रामच्या परिसरात कुष्ठरोग्यांसाठी जे कार्य झाले त्याच्या प्रकाशात हा प्रश्न पाहावा, असे आम्हांस वाटते.

१९३९ साली संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्राम आश्रमात आले. इतर आश्रमवासीयांची काळजी गांधीजींना होतीच. तरीही त्यांनी शास्त्रीजींना जवळच झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. त्याआधी, १९३६ साली, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली होती. पुढे १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार असे कार्य गावोगाव सुरू झाले.

या सेवेत स्पर्श होता. परंतु केवळ स्पर्शाने शास्त्रीजींच्या पिढीतील रुग्णांची बोटे वाचणार नव्हती. बोटे का झडतात हेच तेव्हा नीट उमगले नव्हते. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, जंतू बोटे खात नाहीत. ते मज्जातंतू बधिर करतात. मग चुलीवरचे भांडे हात भाजते, पायातला काटा दिवसेंदिवस तसाच राहतो, आणि वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःला वाचवीत नाही. म्हणजे वेदना हरवली आहे हे वेळेवर कळणे, हेच पहिले संरक्षण होय.

तपासणीची रीत साधी आहे. कोपराच्या आतील हाडामागची नस जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपायचे. रुग्णास डोळे मिटण्यास सांगून बॉलपेनचे टोक किंवा ठरावीक वजनाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळहातावर टेकवायचा आणि स्पर्श झाला तिथे त्याला बोट ठेवावयास सांगायचे. बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टिरॉइडच्या उपचाराने गेलेली संवेदना पुष्कळदा परत येऊ शकते. त्यानंतर मात्र आशा झपाट्याने मावळते.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. या परीक्षेचे उत्तर केवळ रुग्णापाशी असते आणि खरे उत्तर देणे त्याला परवडेलच असे नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत नमूद होते. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा कायदाही त्यास अपवाद नव्हता. ज्या बाईचा संसार एका उत्तरावर टांगलेला आहे, ती स्पर्श झाला नसतानाही ‘कळते’ म्हणाली तर तिला खोटारडी कोण म्हणेल? म्हणून तपासणाऱ्याचे पहिले कर्तव्य नस चाचपण्याचे नसून, ज्याच्यापाशी खरे बोलता येईल असा माणूस होण्याचे आहे. तिचे उत्तर तिच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे.

यंत्र हा प्रश्न सोडवील, असे कोणी म्हणेल. मोठ्या रुग्णालयांत विजेचा सौम्य झटका देऊन मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजतात. निरोगी हातात तो सेकंदाला सुमारे ५० मीटर किंवा त्याहून अधिक असतो. बधिरता जाणवण्याआधीच यंत्र कधीकधी बिघाड दाखविते, आणि त्याला रुग्णाच्या होकाराची गरज लागत नाही. हे मोठेच साहाय्य आहे. परंतु रुग्णाला त्या यंत्रापर्यंत कोण पाठविणार? गावात येऊन कोपरामागे बोट ठेवणारा कार्यकर्ताच ना?

लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातही परीक्षा आहे. याजक त्वचा पाहतो, सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो, आणि निर्णय प्रतिकूल असेल तर माणसाला छावणीबाहेर राहावे लागते. येशूने मात्र कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला आणि मग याजकाकडे पाठविले. आमच्या मते, सारा भेद या क्रमात आहे. परीक्षा दोन्हीकडे आहे. एकीचा शेवट माणसाला दूर करण्यात होतो, तर दुसरी त्याला परत आणण्यासाठी असते.

दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, या निकषावर २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ साधले. तरीही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. आकडा खाली आला की लक्ष उडते आणि नस ओळखणारी अनुभवी बोटेही विरळ होत जातात. आज ज्याच्या तळहाताची संवेदना जात आहे, त्याच्यासाठी दहा हजारांतला तो एक कोण, या हिशेबाला काही अर्थ नाही.

म्हणून या कामास आम्ही सेवाच म्हणू. मात्र एका अटीवर. ‘कळते का?’ असे एकदा विचारणाऱ्याने पुढच्या महिन्यातही तोच प्रश्न घेऊन त्याच दारी गेले पाहिजे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर औषध मिळेपर्यंत त्या माणसाचा पाठपुरावा सोडता कामा नये. एवढे घडले नाही, तर ती केवळ नोंदच राहील.