सावलीच्या वाटेवर उभे राहणाऱ्यांसाठी

हे कपिलेश्वरा, माथ्यावर चंद्रकोर धारण करणाऱ्या, चंद्राआड रोहिणी जाते ते पिधान आमच्या वाडवडिलांनीही पाहिले. त्याला नुसते डोळे पुरत. आज माझे मागणे आहे ते फार दूरच्या, फार लहान गोळ्यांचे पिधान टिपण्यासाठी रात्र जागणाऱ्यांकरता.

नेपच्यूनच्या पलीकडे तू असे किती गोळे विखरून ठेवलेस! भल्या मोठ्या दुर्बिणीतूनही त्यांतले बहुतेक ठिपक्याएवढेच दिसतात. पण एखादा ताऱ्याच्या आड आला की त्याच्याच रुंदीची सावली पृथ्वीवरून सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने निघून जाते. तारा किती सेकंद विझला हे मोजले की गोळ्याची एक रेघ हाती लागते. ठिकठिकाणच्या रेघा जुळवल्या की आकार उमटतो. तारा एकदम न विझता मंदावत गेला, तर तिथे हवा आहे. ६ जून २०२० रोजी नैनितालजवळच्या देवस्थळहून प्लूटोची हवा अशीच मोजली गेली. तिचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढा आहे.

त्या प्लूटोच्या प्रदेशाचा विचार आमच्याच मुलखात झाला होता, यासाठी तुझे आभार मानतो. बागलकोटच्या वेंकटेश बापूजी केतकरांनी १९११ साली एका फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनपलीकडचे दोन ग्रह मांडले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याची प्रदक्षिणा त्यांच्या गणिताने २४२ वर्षांची, प्लूटोची निघाली २४८ वर्षांची. आजचे शास्त्र या जुळण्याला योगायोग म्हणते, आणि तसे म्हणणेच खरे आहे. पण कागदावर आकडा मांडून तो जगापुढे ठेवण्याची त्यांची छाती खरी होती. १९३० साली प्लूटो सापडला आणि त्याच वर्षी केतकर गेले.

आता गाया यानाने ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने मोजल्या आहेत, की सावली कुठून जाईल हे आधी सांगता येते. तरी हुकते. साडेसहा अब्ज किलोमीटरवरच्या ॲरोकोथ या गोळ्यासाठी ३ जून २०१७ ला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत माणसे दुर्बिणी लावून बसली. कुणाचाच तारा विझला नाही. त्यांनी तसेच लिहून दिले. १७ जुलैला ती पुन्हा अर्जेंटिनात उभी राहिली. तिथल्या लोकांनी रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग दोन तास बंद ठेवला, वारा अडवायला ट्रक आडवे लावले. चोवीस दुर्बिणींपैकी पाचांना सावली सापडली. पुढे १ जानेवारी २०१९ ला दुसरे एक यान तिथे पोचले, तेव्हा तो जोडगोळा सुमारे ३६ किलोमीटर लांबीचा निघाला.

देवा, एवढीच सावली उद्या हत्तरगीवरून आडवी गेली, तर निपाणी आणि बेळगाव दोन्ही कोरडी राहतील. म्हणून कागलला कुणी असू दे, निपाणीला, तवंदी घाटाच्या माथ्यावर, हत्तरगीला, येळ्ळूरच्या राजहंसगडावरही कुणी असू दे. त्यांतला कुणी कन्नडमध्ये वेळ लिहील, कुणी मराठीत. सेकंद तेवढे जुळू देत. ज्याचा तारा विझला नाही, त्याला ‘काही दिसले नाही’ असे लिहिताना लाज वाटू देऊ नकोस. गोळ्याची कड कुठे संपते ते त्याच्याच कागदावरून कळते. आणि ज्याला दिसावेसे फार वाटते, त्याचा हात खोट्या आकड्याकडे जाऊ देऊ नकोस.

महामार्गाकडेच्या धाबेवाल्यांना आणि कारखानदारांना त्या घटकेपुरते दिवे मालवण्याची बुद्धी दे. जून ते सप्टेंबर ढग तुझेच आहेत. त्यांवर आमचा ऊस आणि तंबाखू उभा राहतो, तेव्हा ते हटव असे मी म्हणणार नाही. पण मार्गशीर्ष-पौषातली एखादी सावली आमच्या पट्ट्यावरून ने, आणि त्या रात्री आभाळ मोकळे ठेव.